पँथरचं मूळ गाव

'पँथर' हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. १९७२ साली मुंबईत नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले आणि त्यांच्या मित्रमंडळींची दलित पँथर उभी राहिली आणि हा इंग्रजी शब्द आपल्या भाषेत कायमचा वस्तीला आला. आमच्या पिढीनं कॉलेजात असताना ढसाळांच्या कविता वाचल्या त्या याच शब्दाच्या सोबतीनं. हे नाव अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर' पक्षावरून घेतलं, हेही बहुतेकांना ठाऊक असतं. त्या पक्षाचं नाव काढलं की डोळ्यांपुढं येतात कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातले, काळी टोपी आणि चामडी जाकीट घातलेले, हातात बंदूक धरलेले तरुण.

ओकलंडच्या त्या तरुणांनीही पँथर दुसरीकडून आणला होता. तो आला अलाबामा राज्यातल्या लाउंड्स नावाच्या एका खेडवळ काउंटीतून. तिथल्या शेतमजुरांनी आणि कुळांनी १९६६ साली तो निवडणुकीचं चिन्ह म्हणून निवडला होता. चिन्ह जगभर गेलं, थेट आपल्या वरळी-कामाठीपुऱ्यापर्यंत पोचलं. ज्यांनी ते निवडलं त्या माणसांचं पुढं काय झालं, हे मात्र फारसं कुणी विचारत नाही. म्हणून आज त्या काउंटीची गोष्ट सांगायची आहे. मी स्वतः तिथं गेलेलो नाही. पुस्तकांतून, तिथल्या लोकांच्या नोंदवून ठेवलेल्या आठवणींतून आणि वर्तमानपत्रांतून जे हाती लागलं, ते आपल्यापुढं ठेवतो.

काउंटी हा अमेरिकेतला राज्याखालचा प्रशासकीय विभाग. आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा, पण आकारानं बराच लहान. लाउंड्सचं क्षेत्रफळ साधारण १,९०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपले दोन तालुके. २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली अवघी १०,३११. आपल्याकडे एखाद्या मोठ्या बाजाराच्या गावात एवढी माणसं राहतात. त्यातले सत्तर टक्क्यांच्या आसपास कृष्णवर्णीय. मुख्य ठिकाण हेनव्हिल, हेही एक खेडंच. कोर्टाची इमारत, तिच्यासमोरचा चौक आणि आजूबाजूला विखुरलेली घरं.

आणखी एक फरक ध्यानात घ्यायला हवा. आपल्याकडे जिल्ह्याचा कलेक्टर आणि पोलीस अधीक्षक वरून नेमले जातात. तिथं पोलिसांचा प्रमुख, ज्याला 'शेरीफ' म्हणतात, तो लोकांच्या मतांवर निवडून येतो. जमिनीची करआकारणी ठरवणारा, कर गोळा करणारा, संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी आणि शाळा मंडळाचे सदस्य हे सगळे मतांवर निवडले जातात. मत नाही म्हणजे पोलीस आपला नाही, कर आपला नाही, शाळा आपली नाही, असा तिथला सरळ हिशेब.

ही मूळ जमीन मस्कोगी लोकांची. गोरे लोक त्यांना 'क्रीक' म्हणत. १८१३-१४ च्या लढायांत त्यांचा पराभव झाला आणि १८१४ च्या तहात त्यांना प्रचंड मोठा मुलूख सोडावा लागला. काउंटीतल्या एका गावाचं नाव 'फोर्ट डिपॉझिट' आहे. त्या युद्धात सैन्याची रसद साठवायला बांधलेल्या किल्ल्याची ती आठवण. पुढं १८३० साली काउंटी स्थापन झाली आणि तिला दक्षिण कॅरोलायनातल्या विल्यम लाउंड्स नावाच्या पुढाऱ्याचं नाव मिळालं.

गोऱ्या जमीनदारांना इथं खेचून आणलं ते मातीनं. अलाबामाच्या मध्यभागातून काळ्या मातीचा एक पट्टा आडवा गेला आहे. खाली खडूसारखा चुनखडीचा थर, वर काळी चिकण माती. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात फुगते, पायाला आणि चाकाला चिकटते. आपल्या वऱ्हाड-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. या पट्ट्याला 'ब्लॅक बेल्ट' म्हणतात. आधी हे नाव मातीच्या रंगावरून पडलं, मग त्या मातीत राबणाऱ्या माणसांच्या रंगालाही ते चिकटलं. १८६० सालच्या जनगणनेत लाउंड्सची लोकसंख्या २७ हजारांच्या वर होती आणि त्यातली १९ हजारांहून अधिक माणसं गुलाम होती. एवढ्या माणसांच्या फुकट श्रमावर तिथला कापूस उभा होता.

या कापसाचा आपल्याशीही संबंध आला आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या नौदलानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि अलाबामासारख्या राज्यांतला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांपर्यंत पोचेना. गिरण्यांनी मग हिंदुस्थानी कापसाकडं धाव घेतली. वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला, मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरबाजारात सट्टा माजला. १८६५ साली युद्ध थांबलं, भाव कोसळले आणि मुंबईतल्या कित्येक पेढ्या बुडाल्या. मुंबईच्या त्या तेजीमंदीवर आपण पुष्कळ वाचलेलं असतं. त्या वेळी कापसाच्या दुसऱ्या टोकाला कोण राबत होतं, याची आठवण मात्र क्वचितच निघते.

युद्धानंतर गुलामगिरी कायद्यानं संपली. काही वर्षं काळ्या पुरुषांनी मतदान केलं, पदंही भूषवली. पण जमीन जुन्या मालकांकडंच राहिली. सुटका झालेली माणसं त्याच शेतावर बटाईनं राबू लागली. बी-बियाणं, खेचर, वर्षभराचं धान्य मालकाच्या दुकानातून उधार. हंगामाच्या शेवटी मालक वही उघडणार आणि अजून तुझ्याकडंच बाकी निघते म्हणून सांगणार. आपल्याकडच्या सावकारी पाशाची ही सख्खी बहीण. मग १९०१ साली अलाबामाची नवी राज्यघटना आली. मत द्यायचं तर आधी विशेष कर भरा, वाचनाची परीक्षा द्या, मालमत्ता दाखवा. कायद्यात रंगाचा उल्लेख नाही, पण परीक्षा घेणारा गोरा आणि उत्तीर्ण-नापास ठरवणारा तोच. लाउंड्समधल्या काळ्या माणसांची नावं मतदार यादीतून पुसली गेली आणि पुढची साठ वर्षं ती परत आली नाहीत.

या काळोख्या वर्षांत एक काम शांतपणे झालं. १८९२ साली काउंटीतल्या कॅल्हून गावात काळ्या मुलांसाठी एक शाळा निघाली. उत्तरेतून आलेल्या शार्लट थॉर्न आणि मेबल डिलिंगहॅम या दोन गोऱ्या शिक्षिकांनी बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या प्रेरणेनं ती काढली. तिचा मोठेपणा असा की ती पाटी-पुस्तकावर थांबली नाही. जुन्या मळ्यांची जमीन घेऊन, तिचे तुकडे पाडून, कुळांना हप्त्यानं विकत देण्याची योजना शाळेनं राबवली. काही डझन कुटुंबं स्वतःच्या जमिनीची मालक झाली. तेव्हा ही गोष्ट छोटी वाटली असेल. तिचं मोल सत्तर वर्षांनी कळलं.

आता १९६५ सालात येऊ. जानेवारी महिना. लाउंड्स काउंटीत मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय पाच हजारांहून जास्त, आणि मतदार यादीत त्यांच्यापैकी एकही नाही. गोऱ्यांची नोंदणी मात्र ११८ टक्के! गाव सोडून गेलेल्यांची आणि मेलेल्यांची नावंही यादीत सुखानं नांदत होती. जिवंत काळ्या माणसाला जागा नव्हती, मेलेल्या गोऱ्याला होती.

शेजारच्या काउंटीत, सेल्मा गावात, मतदानाच्या हक्काचं आंदोलन पेटलं होतं. त्याची धग लाउंड्सला लागली. जॉन ह्यूलेट नावाचा एक माणूस पुढं आला. लाउंड्सचाच भूमिपुत्र. बर्मिंगहॅम शहरात कारखान्यात काम करताना तो कामगार संघटनेत शिकून तयार झाला होता आणि मग गावी परतला होता. १ मार्च १९६५ रोजी त्याच्यासह तीसेक माणसं हेनव्हिलच्या कोर्टात नाव नोंदवायला गेली. त्यांना परत पाठवलं. पुढच्या वेळी नोंदणीचं काम जुन्या तुरुंगाच्या इमारतीत हलवलं, म्हणजे माणसं तिथं पाऊल टाकायला कचरतील. माणसं तिथंही गेली. त्या महिन्यात दोघांची नावं यादीत चढली. एक ह्यूलेट आणि दुसरे जॉन लॉसन नावाचे धर्मोपदेशक. लॉसन अंध होते. साठ वर्षांत लाउंड्सचे हे पहिले दोन कृष्णवर्णीय मतदार.

त्याच मार्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नेतृत्वाखाली सेल्मा ते मॉंटगोमेरी ही प्रसिद्ध पदयात्रा निघाली. २१ मार्चला निघून ती २५ मार्चला राजधानीत पोचली. अंतर ५४ मैल, आणि वाटेत लाउंड्स. रस्ता इथं अरुंद म्हणून फक्त तीनशे जणांना चालण्याची परवानगी कोर्टानं दिली होती. जगभरचे कॅमेरे आले आणि यात्रेबरोबर पुढं गेले. यात्रा संपली त्या रात्री डेट्रॉइटहून आलेली व्हायोला लिउझो ही ३९ वर्षांची गोरी स्त्री, पाच मुलांची आई, आपल्या मोटारीतून यात्रेकरूंची ने-आण करत होती. लाउंड्सच्या महामार्गावर कू क्लक्स क्लॅनच्या माणसांनी तिला गोळ्या घातल्या. हेनव्हिलच्या कोर्टात पहिल्या खटल्यात पंचांचं एकमत होईना, दुसऱ्यात आरोपी सुटला. शेवटी मॉंटगोमेरीच्या संघीय कोर्टात, दुसऱ्या कलमाखाली, तिघांना दहा वर्षांची शिक्षा झाली.

यात्रेबरोबर आलेले बहुतेक लोक निघून गेले. काही जण थांबले. 'स्निक' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या विद्यार्थी संघटनेचा स्टोकली कार्मायकेल हा चोवीस वर्षांच्या आतला तरुण यात्रेच्या कडेकडेनं चालत स्थानिक माणसांची नावं-पत्ते लिहून घेत होता. काही दिवसांत तो आणि त्याचे साथी लाउंड्समध्ये मुक्कामाला आले. कुळाच्या झोपडीत त्यांना कोण ठेवणार? मालक दुसऱ्याच दिवशी झोपडी रिकामी करून घेणार. इथं स्वतःच्या जमिनीची किंमत कळते. ज्यांच्या नावावर चार एकर होते, त्या कुटुंबांनी राहायला घर दिलं, सभेला जागा दिली. नागरी हक्कांचा इतिहास लिहिताना भाषणांना मोठी जागा मिळते. सातबारा कुणाच्या नावावर होता, हेही त्याच पानावर लिहायला हवं असं मला वाटतं.

६ ऑगस्ट १९६५ रोजी अमेरिकेत मतदान हक्क कायदा झाला. चारच दिवसांत केंद्र सरकारचे नोंदणी अधिकारी फोर्ट डिपॉझिटमध्ये येऊन बसले आणि रांगा लागल्या. १४ ऑगस्टला त्याच गावात तरुणांनी गोऱ्या दुकानदारांविरुद्ध निदर्शनं केली. त्यांना पकडून हेनव्हिलच्या तुरुंगात टाकलं. २० ऑगस्टला अचानक सोडून दिलं. त्यांच्यातले चौघे थंड पेय घ्यायला जवळच्या दुकानाशी गेले. दारात टॉम कोलमन नावाचा माणूस बंदूक घेऊन उभा होता. त्यानं सतरा वर्षांच्या रुबी सेल्स या काळ्या मुलीवर नेम धरला. जोनाथन डॅनियल्स हा पाद्री होण्यासाठी शिकणारा गोरा तरुण तिला ढकलून मध्ये आला आणि जागीच मरण पावला. रिचर्ड मॉरिसरो हे कॅथलिक धर्मगुरू गंभीर जखमी झाले. सप्टेंबर संपता संपता बारा गोऱ्या पुरुषांच्या पंचमंडळानं कोलमनला निर्दोष सोडलं.

यावर लाउंड्सच्या लोकांनी काय केलं? त्यांनी पंचमंडळालाच कोर्टात खेचलं. काउंटीत बहुसंख्य काळे असताना पंच सगळे गोरे कसे, आणि त्यात एकही स्त्री का नाही, असा सवाल गार्डेनिया व्हाइट या स्थानिक स्त्रीच्या नावानं दाखल झालेल्या दाव्यात केला गेला. फेब्रुवारी १९६६ मध्ये संघीय कोर्टानं काळ्यांना आणि स्त्रियांना पंचमंडळातून वगळणं घटनाबाह्य ठरवलं. स्त्रियांच्या हक्कांच्या अमेरिकी इतिहासात हा निकाल महत्त्वाचा मानला जातो. तो एका खेड्यातल्या खुनाच्या खटल्यामागून आला.

नोंदणीची किंमत दुसरीकडंही मोजावी लागत होती. यादीत नाव आलं की मालक कुळाला शेत आणि झोपडी सोडायला सांगे. पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहिलेली कुटुंबं डिसेंबर १९६५ मध्ये भर थंडीत रस्त्यावर आली. महामार्गालगत काळ्या लोकांच्याच ताब्यातल्या जमिनीवर तंबू ठोकले गेले. त्या वस्तीला 'टेंट सिटी' म्हणू लागले. रात्री रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींतून तंबूंवर गोळ्या झाडल्या जात. मुलं खाली जमिनीवर झोपवायची आणि बाप्यांनी आळीपाळीनं बंदूक घेऊन पहारा द्यायचा, असे दोनेक वर्षं दिवस काढले. हे सगळं कशासाठी, तर मतदार यादीत नाव राहावं म्हणून.

आता नावं यादीत आली. पण मत द्यायचं कुणाला? अलाबामात सत्ता डेमोक्रॅटिक पक्षाची. त्या पक्षाचं राज्यातलं चिन्ह होतं पांढरा कोंबडा आणि त्यासोबत घोषवाक्यात 'गोऱ्यांचं वर्चस्व' असे उघड शब्द. १९६६ च्या सुरुवातीला पक्षानं ते शब्द काढले, कोंबडा ठेवला. शिवाय काउंटीत उमेदवारी अर्जाची फी पन्नास डॉलरवरून पाचशेवर नेली. हे पाहून ह्यूलेट आणि मंडळींनी स्वतःचाच पक्ष काढायचं ठरवलं. कायद्यात तशी सोय होती. पक्षाचं नाव ठेवलं 'लाउंड्स काउंटी फ्रीडम ऑर्गनायझेशन'.

पक्षाला चिन्ह लागतंच. निरक्षर मतदारांसाठी अलाबामाच्या कायद्यात चिन्हाची तरतूद होती. हे वाचताना मला आपली १९५१-५२ सालची पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवली. तेव्हाही अक्षरओळख नसलेल्या कोट्यवधी माणसांसाठी चिन्हं ठरवली गेली होती. माझी दादी निरक्षर होती. उर्दूही तिला वाचता येत नव्हतं आणि मराठीही. पण चिन्ह ओळखून शिक्का मारण्यात तिची कधी चूक झाली नाही, आणि घरातल्या पुरुषांना आपलं चिन्ह ती कधी सांगतही नसे. अक्षर येत नाही म्हणजे अक्कल नाही, असं मानणाऱ्यांना लाउंड्सनंही असंच उत्तर दिलं. स्निकच्या कार्यकर्त्यांनी अटलांटा शहरातल्या क्लार्क कॉलेजच्या खेळाडूंच्या संघाचं चित्र पाहिलं, काळा पँथर. त्यावरून चिन्ह तयार झालं. ह्यूलेट त्याचा अर्थ असा सांगत की पँथर आपणहून कुणावर धावून जात नाही. त्याला मागं रेटत नेलं तर तो मागं सरतो. पण पाठीला भिंत लागली की तो झडप घालतो. गावातल्या लोकांनी त्याचा आणखी सोपा अर्थ लावला: पँथर कोंबड्याला खातो.

कार्यकर्त्यांनी चित्रांच्या छोट्या पुस्तिका काढल्या. शेरीफचं काम काय, कर ठरवणारा काय करतो, शाळा मंडळाला कोणते अधिकार आहेत, हे साध्या रेखाचित्रांतून समजावलं. चर्चमध्ये वर्ग भरू लागले. आजवर ज्या अधिकाऱ्यापुढं टोपी काढून उभं राहायचं, त्याची कामाची यादी लोक तपासू लागले. राजकीय शिक्षण म्हणतात ते हे.

३ मे १९६६ रोजी हेनव्हिलच्या कोर्टापासून जवळच असलेल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चच्या आवारात पक्षाची सभा भरली. जवळपास नऊशे माणसं आली. सात जागांसाठी सात उमेदवार निवडले. सगळे गावातलेच. त्यांतल्या अॅलिस मूर या करआकारणीच्या पदासाठी उभ्या होत्या. श्रीमंतांवर कर बसवायचा आणि त्यातून गरिबांना खाऊ घालायचं, एवढाच त्यांचा जाहीरनामा. नोव्हेंबरात मतदान झालं. सातही जण पडले. मालकांनी आपल्या शेतावरच्या मजुरांना गाडीत घालून केंद्रावर नेलं आणि कुणाला मत द्यायचं ते बजावलं. गोऱ्यांची एकजूट होतीच. तरी अधिकृत पक्ष म्हणून मान्यता मिळवायला वीस टक्के मतांची अट होती, ती पँथरनं सहज ओलांडली.

दरम्यान, ऑक्टोबर १९६६ मध्ये ओकलंडला ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांनी आपला पक्ष काढला आणि लाउंड्सचा पँथर त्यावर विराजमान झाला. तिथून त्याची छायाचित्रं जगभर गेली, तशी ती मुंबईतही आली. दलित पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या त्या लढ्याचा उल्लेख आहे. खुद्द लाउंड्सच्या लोकांनी हार पचवून नोंदणीचं काम सुरू ठेवलं. १९७० साली जॉन ह्यूलेट शेरीफ म्हणून निवडून आले. ज्या कोर्टातून त्यांना परत पाठवलं होतं, त्याच कोर्टाच्या गावी काउंटीचे पोलीस त्यांच्या हाताखाली आले. २२ वर्षं ते या पदावर होते. पुढं ते काउंटीचे प्रोबेट न्यायाधीशही झाले. २००६ साली त्यांचं निधन झालं.

सिनेमा असता तर इथंच संपला असता. लाउंड्सची माणसं मात्र यानंतरही त्याच मातीत राहिली. काळा शेरीफ आल्यावर रात्री दार ठोठावलं जाण्याची भीती गेली. ही लहान गोष्ट नव्हे. पण पोट कशावर भरायचं? कापूस वेचणारी यंत्रं आली होती. जमीनदारांनी कापूस सोडून गुरांची कुरणं आणि लाकडाची वनं लावली. मजुरांची गरज उरली नाही. डेट्रॉइट, शिकागोकडं माणसांचा ओघ तर आधीपासूनच चालू होता. १९०० साली या काउंटीत ३५ हजार माणसं होती, आज दहा हजार आहेत. जमिनीवर जास्त कर बसवावा आणि शाळा-रस्ते सुधारावेत, तर १९०१ पासूनच्या व्यवस्थेनं करांवर मर्यादा घातलेल्या आणि काउंटीचे हात राजधानीला बांधलेले. २०२२ मध्ये त्या घटनेची भाषा सुधारली, वंशभेदी शब्द काढले, पण सत्तेची मांडणी बरीचशी तीच राहिली. अॅलिस मूरच्या जाहीरनाम्याला वाट अशी बंदच राहिली.

आणि मग ती माती. जिच्यात कापूस असा काही पिकायचा, ती काळी चिकण माती पाणी मुरू देत नाही. विखुरलेल्या वस्तीत गटारं नाहीत. घरामागं सेप्टिक टँक करायचा, तर त्याचं पाणी जमिनीत जिरायला हवं. इथं ते जिरत नाही, पाऊस पडला की उलटं घरात येतं. या मातीत चालेल अशी खास यंत्रणा बसवायला हजारो डॉलर लागतात, कधी वीस हजारांच्याही पुढं. गरीब माणसानं काय करावं? घरातून एक पाइप काढून परसदारी, ओढ्यात सोडून द्यायचा. जगातल्या सर्वांत श्रीमंत देशात मैला अंगणात साचलेला, आणि त्याच्या कडेला मुलं खेळताहेत. काही काळ तर असं घर असणाऱ्यांवर फौजदारी कारवाई होत होती. सेप्टिक टँक परवडत नाही हा गुन्हा!

ही गोष्ट जगापुढं आणली ती लाउंड्सच्याच एका लेकीनं. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांचं बालपण या काउंटीत गेलं. पत्रकार, अधिकारी, खासदार, जो येईल त्याला त्यांनी अंगणं दाखवली. २०१७ साली एका अभ्यासात ५५ जणांच्या तपासणीत १९ जणांमध्ये हूकवर्मच्या, म्हणजे अनवाणी पायांतून शरीरात शिरणाऱ्या जंताच्या खुणा सापडल्याचं प्रसिद्ध झालं. राज्याच्या आरोग्य खात्यानं त्यावर आक्षेप घेतले, पण प्रश्न झाकला गेला नाही. त्याच वर्षी डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांचे गरिबीविषयक विशेष प्रतिनिधी फिलिप ऑल्स्टन इथं येऊन गेले. २०२० मध्ये फ्लॉवर्स यांना मॅकआर्थर पाठ्यवृत्ती मिळाली. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं नागरी हक्क कायद्याखाली चौकशी सुरू केली. मे २०२३ मध्ये राज्याच्या आरोग्य खात्याशी करार झाला: लोकांवरची कारवाई थांबेल, कोणत्या घरात काय अवस्था आहे ते पाहिलं जाईल, सुधारणेचा आराखडा होईल. काही घरांमागं नवी यंत्रणा बसली. मग वॉशिंग्टनमध्ये सरकार बदललं आणि एप्रिल २०२५ मध्ये न्याय खात्यानं तो करारच रद्द केला.

मतदान हक्क कायद्याचीही कहाणी वेगळी नाही. अलाबामातल्याच दुसऱ्या एका काउंटीनं, शेल्बीनं, त्याला आव्हान दिलं आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयानं त्यातली महत्त्वाची तरतूद निष्प्रभ केली. जिथं पूर्वी मतदानात भेदभाव झाला होता, अशा ठिकाणांना निवडणुकीचे नियम बदलण्याआधी केंद्राची संमती घ्यावी लागत असे. ते बंधन गेलं. ज्या कायद्यासाठी लाउंड्समध्ये माणसं तंबूत राहिली, त्याचं एक चाक निखळलं.

तेव्हा मताचा उपयोग काय, असा प्रश्न कुणी विचारील. मला तो प्रश्न लाउंड्सच्या माणसांना विचारावासा वाटत नाही, कारण त्यांनी त्याचं उत्तर देऊन ठेवलं आहे. मतानं त्यांना शेरीफ दिला, पंचमंडळात जागा दिली, कोर्टात ताठ मानेनं उभं राहता आलं. जमीन, कर आणि सांडपाणी हे प्रश्न ज्या दारांमागं बंद होते, ती दारं राजधानीत होती, आणि दहा हजार माणसांच्या मतांना तिथपर्यंत हात पोचत नाही. आपल्याकडं नाव मतदार यादीत आहे, सरपंचही आपल्यातलाच आहे आणि तरी वस्तीत पाण्याची लाइन नाही, अशी किती गावं आहेत ते वाचकांना मी सांगायला नको. अशा गावातल्या माणसाला लाउंड्स परकं वाटणार नाही.

टेंट सिटी जिथं होती, त्या जागी महामार्गाच्या कडेला २००६ पासून सरकारी संग्रहालय आहे. सेल्माहून मॉंटगोमेरीला जाणारे प्रवासी तिथं गाडी थांबवतात, तंबूंची छायाचित्रं बघतात, कोंबड्याची आणि पँथरची कहाणी वाचतात. तिथून थोडं आत वळलं की ज्यांच्या आजी-आजोबांनी त्या तंबूंत रात्री काढल्या, ती घरं लागतात. पावसाळी दिवसात त्यांच्यापैकी कित्येकांना आजही आधी परसदारी जाऊन पाइप बघावा लागतो.